भुकेचा आणि हावेचा देव कसा घडवावा: कल्पित जग नव्याने रचणाऱ्यांसाठी

तुम्ही स्वतःचं एक जग रचायला घेतलंय. नकाशा काढून झालाय, दोन-तीन राज्यं उभी राहिलीत आणि आता देव हवेत. पावसाचा, युद्धाचा, मृत्यूचा देव पटकन सुचतो. मग वाटतं, हावेचाही एक देव असावा, सगळं गिळून टाकणारा.

मीही इथूनच सुरुवात केली होती. माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात हा देव तीन लोकसमूहांत होता. तिन्ही ठिकाणी त्याचं पोट सुटलेलं, मुठीत नाणी, पायाशी हाडांचा ढीग. नाव तेवढं बदललेलं. खर्डा वाचून एका मैत्रिणीने मला एकच प्रश्न विचारला, "याला नवस कोण बोलतं?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्याला सगळे नुसते घाबरतात तो राक्षस. देव व्हायचा तर कुणाला तरी त्याची गरज वाटायला हवी. ही एक गोष्ट कळायला आणि मग सगळं पुन्हा लिहायला मला दीड वर्ष लागलं. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून ही वाट पायरी-पायरीने मांडते आहे.

हाताशी काय हवं

- एक वही. प्रत्येक लोकसमूहाला त्यात निदान दहा कोरी पानं.
- जगाचा कच्चा नकाशा. सुबक नसला तरी चालेल, पण पाणी कुठे आणि पीक कुठे हे त्यावर दिसलं पाहिजे.
- प्रत्येक समूहाचं वर्षभराच्या अन्नाचं कोष्टक. कुठल्या महिन्यात काय पिकतं, काय साठवतात, केव्हा संपतं.
- नावांची यादी आणि ती नावं मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस.
- खर्डा वाचणारं, पण तुमचं जग आधी माहीत नसलेलं कुणीतरी.

यातलं कोष्टक सगळ्यांत महत्त्वाचं. नवखे लेखक नेमकं तेच गाळतात. मीही गाळलं होतं.

१. आधी भूक आणि हाव वेगळी करा

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. भूक, वखवख, खा-खा, हाव, लोभ, हव्यास. हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भूक पोटाची असते आणि पोट भरलं की निवते. वखवख भरल्या पोटीही राहते. हावेला पोटच नसतं, तिला दुसऱ्याचं ताट दिसतं. हव्यास अन्नाशिवायही जगतो.

तुमचा देव यातल्या कुठल्या शब्दावर उभा आहे ते एका वाक्यात लिहा. दोन शब्दांच्या मधे उभा असेल तर उत्तमच, पण मग कुठला समूह त्याला भुकेकडे ओढतो आणि कुठला हावेकडे, हेही लिहून ठेवा. माझा देव घडला तो या ओढाताणीतूनच.

जुन्या परंपरांनी हा फरक फार बारकाईने सांभाळलेला आहे. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी काहीच नव्हतं, सगळं मृत्यूने, भुकेने वेढलेलं होतं असं येतं आणि पुढे सरळ म्हटलंय, 'अशनाया हि मृत्युः', भूक म्हणजेच मृत्यू. तिथे हावेचा लवलेश नाही, ती निखळ भूक आहे. दुसरीकडे 'मामोन' हा अरामी भाषेतला संपत्तीसाठीचा साधा शब्द. बायबलमध्ये देवाची आणि मामोनची चाकरी एकदम करता येत नाही असं वचन आलं आणि पुढच्या शतकांत लोकांनी त्या शब्दाला तोंड, हात, दरबार सगळं देऊन सैतान करून टाकलं. शब्दाचा असा माणूस होणं ही तुमच्या जगातही देव जन्माला घालायची एक चांगली रीत आहे.

सापळा: देव लठ्ठ दाखवणं. लठ्ठपणा म्हणजे खाणं अंगी लागलं, आणि याला तर काहीच अंगी लागत नाही. ओव्हिड या रोमन कवीने रंगवलेली भूक खडकाळ माळावर बसून नखांनी आणि दातांनी विरळ गवत उपटत असते. बौद्ध परंपरेतल्या प्रेतांचं, म्हणजे भुकेल्या भुतांचं, पोट डोंगराएवढं आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. समोर अन्न आहे, पण घास उतरत नाही. या दोन चित्रांपुढे माझा ढेरपोट्या देव फिका पडला आणि मी त्याला काढून टाकलं.

२. कुणाचं पोट केव्हा रिकामं असतं ते ठरवा

आता कोष्टक उघडा. प्रत्येक समूहाला हे प्रश्न विचारा. वर्षातला कुठला महिना सगळ्यांत कठीण? अन्न साठवता येतं का? साठवलेल्या अन्नाची किल्ली कुणाकडे? घरात आधी कोण जेवतं, शेवटी कोण? उपासमारीत सगळ्यांत आधी कुणाचं ताट काढून घेतलं जातं?

शेवटचा प्रश्न लिहायला जड जातो. तो टाळू नका.

माझे तीन समूह असे. पठारावरचे गुराखी, ज्यांचं अन्न चालतं-फिरतं आहे आणि एका बर्फाच्या रात्रीत निम्मं मरू शकतं. किनाऱ्यावरचे मासेमार, ज्यांना रोज ताजं मिळतं किंवा काहीच मिळत नाही, कारण मासा दोन दिवस टिकत नाही. आणि कोठारांचं नगर, जिथे तीन वर्षांचं धान्य पडून असतं आणि तरीही काही घरांत चूल पेटत नाही. पठारावर सगळे मिळून उपाशी राहतात, किनाऱ्यावर आज एक उपाशी तर उद्या दुसरा. नगरात मात्र भरलेल्या कोठाराच्या भिंतीला टेकून माणूस उपाशी मरतो. हे लिहून झाल्यावर तीन वेगळे देव आपोआप दिसायला लागले. मला फक्त ते मुळात एकच आहेत हे दाखवायचं होतं.

नगराबद्दल एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. मेसोपोटेमियातल्या उरुक इथल्या, पाचेक हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर जगातलं अतिशय जुनं लेखन आहे आणि त्यातलं बरंचसं धान्य, जनावरं, शिधा यांच्या हिशेबाचं आहे. त्यात 'खाणं' या अर्थाची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी वाडगा. कोठारांच्या नगरातल्या देवाची खूण काय असावी यावर मी महिनाभर अडले होते, तो प्रश्न या खुणेने सोडवला. माझ्या नगरात देवाचं चिन्ह आहे उपडा वाडगा.

भुकेने माणसाचं मन कसं बदलतं हेही जाणून घ्या, नाहीतर भक्त खोटे वाटतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण एका प्रयोगासाठी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं, पण लिहिणाऱ्याने लक्ष द्यावं ते त्यांच्या वागण्याकडे. ते अन्नाबद्दलच बोलत, पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताटली चाटून पुसत, एकेक जेवण लांबवत नेत. भुकेला माणूस सतत ओरडत नाही. तो घास पुरवून खातो. तुमच्या देवाचा पुजारी कसा जेवतो हे लिहिताना हे आठवा.

३. मूळ कथा एक, पण दोष वेगवेगळ्यावर

एकच देव अनेक समूहांत फिरवायचा असेल तर सगळ्यांच्या कथेत एक घटना समान ठेवा आणि त्या घटनेचा दोष प्रत्येकाला वेगळ्यावर ठेवू द्या. मला सापडलेली ही सगळ्यांत कामाची युक्ती.

माझ्या जगातली घटना: सृष्टीच्या आरंभी वाटप झालं आणि एकाचा वाटा कमी पडला.

पठारावर सांगतात, तो कळपाची राखण करत होता म्हणून उशिरा आला. बाकीच्यांनी त्याच्यासाठी काही ठेवलंच नाही. त्याची भूक हे आपल्या सगळ्यांवरचं देणं आहे. किनाऱ्यावर सांगतात, त्याने आपला वाटा सगळ्यांच्या आधी संपवला आणि मग शेजाऱ्याच्या पानात हात घातला. तेव्हापासून त्याचा हात आखडत नाही. नगरात सांगतात, वाटणारा तोच होता. मापात चूक नको म्हणून त्याने स्वतःला शेवटी ठेवलं आणि माप संपलं.

बघा, एका ठिकाणी तो ज्याचं देणं लागतो असा भाऊ आहे, दुसरीकडे चोर, तिसरीकडे न्यायी कोठावळा. आता मैत्रिणीच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. पठारावर त्याला नवस बोलते ती हिवाळ्यात कळप हरवलेली बाई. किनाऱ्यावर कुणी बोलत नाही, त्याला फक्त दूर ठेवतात. नगरात नवस बोलतो धान्याचा व्यापारी, दुष्काळ अजून एक महिना लांबावा म्हणून.

४. नावाचा प्रवास नियमाने करा

नाव प्रत्येक भाषेत थोडं बदलायला हवं, पण मनाला येईल तसं नाही. प्रत्येक भाषेला उच्चाराचे दोनच नियम द्या आणि ते सगळ्या नावांना लावा. खऱ्या भाषांत असंच होतं. संस्कृत 'बुभुक्षा' झिजत झिजत आपली 'भूक' झाली.

माझ्या देवाचं जुनं, पठारावरचं नाव एर्खान. किनाऱ्यावरच्या भाषेत जोडाक्षर फोडतात आणि शेवटचा न गळतो, म्हणून एरिखा. नगरात जोडाक्षरातला र गळतो, म्हणून एखान. वाचकाला हे नियम सांगायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या नावापाशी त्याचं त्यालाच ते जाणवतं आणि तो आनंद त्याच्याकडून हिरावून घेऊ नका.

सापळा: नाव मोठ्याने न वाचणं. माझ्या आधीच्या खर्ड्यात देव होता ओस्मार आणि तेव्हाचे माझे वेगळे नियम लावल्यावर किनाऱ्यावर तो झाला 'सुमार'. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द आधीच राहायला आहे. कागदावर महिनोन्महिने हे लक्षात आलं नाही, तोंडाने उच्चारताच लगेच आलं.

५. न भरणाऱ्याला नैवेद्य काय दाखवायचा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. इथेच देव लोकांच्या हातात येतो. ज्याचं पोट कधी भरत नाही त्याला अन्न देऊन उपयोग काय? प्रत्येक समूहाने या कोड्याचं आपलं उत्तर शोधलेलं असतं.

पठारावरच्यांचं उत्तर साधं आहे. हिवाळ्यात कापलेल्या प्रत्येक जनावराचं एक हाड न फोडता बाहेर ठेवतात. आतला मगज काढत नाहीत. मुलं त्या हाडाकडे बघत झोपतात. किनाऱ्यावर त्याला काही देतच नाहीत. जाळं पाण्यात असताना त्याचं नाव काढायचं नाही आणि ताटात शेवटचा घास कधी ठेवायचा नाही, कारण उरलेला घास म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रण. पठारावर जी भक्ती, तेच किनाऱ्यावर अशुभ. पठारावरची सून किनाऱ्यावरच्या घरात नांदायला गेली तर पहिल्याच रात्री काय होईल याचा विचार करा. माझं एक अख्खं प्रकरण त्या न संपवलेल्या घासावर उभं आहे.

नगराचा नैवेद्य मला सगळ्यांत उशिरा सापडला. धान्य मापाने मोजताना वर शीग चढते. नगरात नियम आहे की माप सपाट हवं, म्हणून मोजणारा वरून लाकडी पट्टी फिरवतो आणि शीग खाली सांडते. ते सांडलेलं धान्य देवाचं. ते कुणी उचलायचं नाही, संध्याकाळी देवळाची माणसं येऊन झाडून नेतात. सुरुवातीला ही मूठभर दाण्यांची श्रद्धा होती. मग मोजणारे माप भरताना हात सैल सोडू लागले, कारण जितकी शीग उंच तितकं पुण्य. चार पिढ्यांत देऊळ नगरातलं सगळ्यांत मोठं कोठार झालं. कुणी चोरी केली नाही, कुणी नियम मोडला नाही. मोजणीच्या चौकात फरशीच्या फटींत अडकलेले दाणे मात्र देवळाची केरसुणीही काढू शकत नाही. रात्री लहान पोरं काडीने ते टोकरून काढतात. पकडली गेली तर तो देवाच्या तोंडातला घास काढल्याचा गुन्हा.

हे सुचलं तेव्हा भूक आणि हाव एकाच चौकात, एकाच देवाच्या नावाने समोरासमोर आली. तुमच्या जगातही अशी एक जागा शोधा जिथे पूजेची साधी, भली रीत हळूहळू एखाद्याचं पोट मारू लागते. त्यासाठी दुष्ट पुजारी लागत नाही आणि नसलेलाच बरा.

६. देवाला काय गिळता येत नाही ते ठरवा

सगळं गिळू शकणारा देव कथा संपवून टाकतो. त्याला मर्यादा द्या, आणि ती त्याच्या स्वभावातूनच आली तर फार छान.

ग्रीक कथेत एरिसिख्थोन देवीच्या राईतलं पवित्र झाड तोडतो. शिक्षा म्हणून भूक झोपेत त्याच्या अंगात शिरते. तो घरदार खातो, पोटच्या मुलीला विकतो आणि शेवटी स्वतःचेच लचके तोडतो. कीर्तिमुखाची कथा याच्या अगदी जवळ जाऊन उलट वळते. राहूला खाण्यासाठी शिवाने निर्माण केलेल्या त्या भुकेल्या जिवाला राहू शरण आल्यावर खायला काहीच उरत नाही. तेव्हा शिवाच्या सांगण्यावरून तो पायांपासून स्वतःला खात जातो आणि फक्त मुख उरतं. शिव प्रसन्न होऊन त्या मुखाला देवळाच्या दारावर मान देतो. दोन्हीकडे भूक स्वतःवरच उलटते, पण एकीकडे तो शाप ठरतो आणि दुसरीकडे आज्ञापालन. शेवट सारखा आणि अर्थ वेगळा, हे कसं साधलंय ते नीट अभ्यासा.

माझ्या देवाला दिलेलं अन्न खाता येत नाही, फक्त घेतलेलं खाता येतं. म्हणून पठारावरचं हाड वसंतात तसंच सापडतं आणि लोक म्हणतात, त्याने यंदा आपल्याला सोडलं.

७. लोक भेटतात तेव्हा देवही बदलतो

तुमचे समूह व्यापार करतात, लढतात, लग्नं करतात. देव जागच्या जागी राहणार नाही. इथे हारितीचा प्रवास जरूर डोळ्यांसमोर ठेवा. ती मुळात राजगृहातली, लोकांची पोरं खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. तिला शेकडो मुलं असूनही एकासाठी जीव कासावीस झाला, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं. मग ती खाणार काय? भिक्षू तुला रोज अन्न देतील, असं बुद्धाने वचन दिलं. पुढे गांधारच्या शिल्पांत ती नवरा पांचिक याच्याशेजारी समृद्धीची देवता म्हणून बसते आणि जपानमध्ये किशिमोजिन या नावाने, हातात डाळिंब घेऊन, मुलांचं रक्षण करते. मुलं खाणारी मुलांची राखणदार होते, पण मूल आणि भूक या दोन गोष्टी तिला कुठेच सोडत नाहीत.

तुमच्या देवासाठीही अशा दोन गोष्टी ठरवा ज्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही काळात सुटणार नाहीत. माझ्याकडे त्या आहेत 'कमी पडलेला वाटा' आणि 'वाडगा'. बाकी सगळं बदलू दिलं.

८. उसनं घेताना जपा

दोन गोष्टी कळकळीने सांगते. पहिली, हावरट लोकसमूह रचताना खऱ्या जगातल्या एखाद्या समाजाबद्दलची जुनी हेटाळणी नकळत आत येते. नाकाची ठेवण, बोलण्याची ढब, सावकारीचा धंदा, हे तुकडे आपण कुठून उचलले ते तपासा. ज्यूंविरुद्धच्या द्वेषाच्या चित्रांत हेच तुकडे शतकानुशतकं वापरले गेलेत. अख्खा समूह हावरट नसतोच. हावरट असते एखादी व्यवस्था किंवा एखादा माणूस.

दुसरी, विंडिगोसारखं भुकेचं भूत उत्तर अमेरिकेतल्या अल्गोंक्वियन भाषांच्या लोकांचं आहे आणि त्यांच्यासाठी ते जिवंत परंपरेचा भाग आहे. शिंगं लावून त्याला राक्षस म्हणून वापरू नका. त्यामागची चिंता समजून घ्या, की कडक हिवाळ्यात माणूस आपल्याच माणसांना खाण्यापर्यंत जाईल का, आणि मग तुमच्या जगातल्या हिवाळ्याला तुमचं स्वतःचं उत्तर द्या.

९. कथेत देवाला उशिरा आणा

वहीतली सगळी माहिती पहिल्या प्रकरणात ओतू नका. देवाचं नाव येण्याआधी त्याची रीत दिसू द्या. कुणीतरी हाड बाहेर ठेवतं, कुणीतरी घाईने शेवटचा घास गिळतं, कुणीतरी मापावर पट्टी फिरवतं. वाचकाने विचारावं, हे असं का करतात?

मग खर्डा त्या नवख्या वाचकाला द्या, पण देवाची सगळी नावं झाकून. तिन्ही समूहांतला देव एकच आहे हे त्याला ओळखता आलं आणि कुठलं वर्णन कुठल्या समूहाचं हेही सांगता आलं, तर तुमचं काम झालं. पहिलं जमलं नाही तर तिसऱ्या पायरीवर परत जा, दुसरं जमलं नाही तर दुसऱ्या. माझ्या मैत्रिणीने तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी नावं झाकलेली पानं वाचली आणि एका पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'फटीतले दाणे काढणारी पोरगी कुणाला नवस बोलते?' चौथा खर्डा मी तिथून सुरू केला आहे.